पदवी हातात, सनद अधांतरी

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

पत्र लिहिणाऱ्या ताई एका तालुक्याच्या गावात राहतात. वय ३१. मुलगा शाळेत जायला लागल्यावर त्यांनी तीन वर्षांचा एलएल.बी. केला. सीईटी दिली, सहा सेमिस्टर पार पाडली, प्रथम वर्ग मिळाला. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची तात्पुरती सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घेऊन त्या तालुका कोर्टात एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली काम करतात. ही सनद कायम व्हायची तर ऑल इंडिया बार एक्झामिनेशन, म्हणजे एआयबीई, पास व्हावी लागते. पहिल्या प्रयत्नात त्यांना ४१ गुण पडले, हवे होते ४५. सरांच्या कपाटातलं नव्या फौजदारी कायद्याचं पुस्तक त्यांनी नेलं होतं. समासात पेन्सिलीने जुनी कलमं लिहिलेली असल्याने ते परीक्षा केंद्राच्या दारातच बाहेर ठेवायला लावलं. वेळ पुरला नाही, अकरा प्रश्न कोरे राहिले. सरांना त्यांनी सांगितलंय की निकाल राखून ठेवलाय. यजमान म्हणतात, परत फी, परत पुण्याची वारी, कशाला हा खटाटोप, एखादी नोकरी बघ. पुढे न्यायाधीश व्हायचं स्वप्न आहे.

"विद्यापीठाने मला पदवी दिली. आता मी वकील आहे की नाही हे उत्तरपत्रिकेतले शंभर गोळे ठरवणार? पुन्हा बसले तर माझ्या पदवीला किंमत नाही हे मीच कबूल केल्यासारखं होईल. बसू की नको? आणि सरांना काय सांगू?" असं त्यांनी विचारलंय. पत्राखाली सही आहे: अर्धी वकील.

ताई,

आधी तुमच्या ४१ गुणांकडे बघू. तुमच्या पत्रात त्यांना जेमतेम दीड ओळ आहे, बाकीची पानं अपमानावर गेली आहेत. मला ती दीड ओळच जास्त बोलकी वाटली. दारात पुस्तक गेलं, अकरा प्रश्न कोरे राहिले आणि तरी ४१. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. ते अकरा गोळे डोळे मिटून काळे केले असते तरी दोन-तीन गुण पदरात पडण्याचा संभव होता. हाताशी पुस्तक असतं तर राहिलेले एक-दोन कुठूनही निघाले असते. तुम्हाला कायदा किती येतो याबद्दल या निकालातून फारसं काही कळत नाही. ही परीक्षा कशी द्यायची हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, एवढं मात्र स्वच्छ कळतं.

पण तुम्ही गुणांबद्दल विचारलेलंच नाही. तुम्हाला राग आलाय, आणि राग आलेल्या माणसाला अभ्यासाचं वेळापत्रक हातात दिलं तर तो ते फाडून टाकतो. म्हणून आधी रागाबद्दल बोलते.

पत्रातला एक परिच्छेद मी वरच्या सारांशात मुद्दाम घेतला नाही. तुम्ही लिहिलंय की तीन वर्षांत मूट कोर्ट, म्हणजे सरावाचा खटला, एकदाच झालं, तेही फोटोपुरतं. जर्नल सगळ्यांनी एकमेकांचं उतरवलं. कोर्ट व्हिजिटच्या वहीवर सह्या एका बैठकीत उरकल्या. हे तुम्ही अगदी सहज लिहून गेलात आणि लगेच पुढच्या ओळीत विचारलंत की पदवी असताना आणखी परीक्षा कशाला. या दोन ओळी शेजारीशेजारी ठेवून पुन्हा वाचा. उद्या एखादी बाई पोटगीसाठी तुमच्याकडे येईल. तिला जर्नलचं कसं झालं होतं ते ठाऊक नसतं. तिला तुमच्या गळ्यातला पांढरा बँड दिसतो आणि ती वकीलपत्रावर अंगठा उठवते. तिच्या बाजूने उभं राहून विचार केला तर "पदवी दिली ना, मग झालं" हे म्हणणं मला तरी जड जातं. तुम्हालाही जाईल, कारण पत्रावरून तुम्ही काम मनापासून करणाऱ्या दिसता.

यात तुमचा दोष नाही. तुम्ही फी भरलीत, हजेरी लावलीत, जे शिकवलं ते शिकलात. शिकवायचं ज्यांनी टाळलं त्यांच्यावर कुठलाही शिक्का बसला नाही. तो बसला तुमच्यावर. या परीक्षेवर माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे. कॉलेजांची तपासणी नीट करायची जबाबदारी ज्यांची, त्यांनी ती करायच्या ऐवजी दाराशी चाळण लावली आणि चाळणीत अडकलेल्यांना नालायक ठरवलं. पण तुमचा कॉलेजवरचा राग सगळा परीक्षेवर खर्च होतोय. ज्याच्यावर निघायला हवा तो आरामात आहे आणि जिच्यावर निघतोय तिला त्याचं सोयरसुतक नाही. नुकसान होतंय ते तुमच्या सनदेचं.

तुमचे सर म्हणतात, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. ते खरं बोलतात, पण गोष्ट त्यांच्या वेळेपासून सुरू होत नाही. १९६१ चा अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट आला तेव्हा त्यात पदवीनंतरचं प्रशिक्षण आणि परीक्षा या दोन्हींची तरतूद होती. १९७३ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. पुढे १९९५ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने प्रशिक्षणाचे नियम केले. सुप्रीम कोर्टाने ते १९९९ मध्ये रद्द केले. मग २०१० मध्ये कौन्सिलने सनदेनंतरच्या परीक्षेचा ठराव केला आणि मार्च २०११ मध्ये पहिली एआयबीई झाली. ज्या पिढीला नुसत्या पदवीवर सनद मिळाली ती मधल्या काळातली. एआयबीईलाही आव्हान दिलं गेलंच. ते प्रकरण पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापर्यंत गेलं आणि १० फेब्रुवारी २०२३ रोजी पीठाने निकाल दिला की अशी परीक्षा घ्यायचा कौन्सिलला अधिकार आहे, ती सनदेच्या आधी घ्यायची की नंतर हे कौन्सिलने ठरवावं. त्या पीठावर आपले न्यायमूर्ती अभय ओक होते, ज्यांनी वडिलांच्या चेंबरमधून ठाण्याच्या जिल्हा कोर्टात वकिलीला सुरुवात केली. तालुका-जिल्ह्याच्या कोर्टात ज्युनिअर म्हणून उभं राहणं म्हणजे काय हे माहीत असलेला माणूस तिथे होता. हे तुमच्या समाधानासाठी सांगत नाही. परीक्षाच बेकायदा ठरेल या आशेवर थांबलेले काही जण बार रूममध्ये अजून भेटतात, आणि तुमच्या पत्रातही "कुणीतरी रिट टाकायला हवं" असं एक वाक्य आहे. तो रस्ता बंद झालाय. फीबद्दल, तारखांबद्दल, केंद्रांबद्दल जरूर भांडा. जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की खुल्या प्रवर्गातल्या उमेदवाराकडून सनदेच्या नोंदणीसाठी ७५० रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाहीत. या परीक्षेची फी मात्र तीन हजारांच्या वर आहे. तालुक्यातल्या ज्युनिअरला महिन्याला हातात काय पडतं हे मला माहीत आहे, त्यामुळे ही तक्रार मला पोकळ वाटत नाही.

आता "शंभर गोळे" याबद्दल. तुमचं म्हणणं असं दिसतं की काम तुम्हाला येतं, मग परीक्षेत का अडकले? म्हणजे एकतर परीक्षा खोटी, नाहीतर मी. तिसरी एक शक्यता आहे आणि ती अभ्यासक्रम समोर ठेवला की लगेच दिसते. शंभर गुणांची वाटणी एकोणीस विषयांत आहे आणि परीक्षा अख्ख्या देशाला एकच. त्यामुळे विषय बहुतेक केंद्रीय कायद्यांचे. तुमचा दिवस कशात जातो? सातबाऱ्यावरची नोंद, वारस दाखला, कूळ, भाडेकरू, बांधावरून झालेली भांडणं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता या परीक्षेत नाही. कूळकायदा नाही. भाडे नियंत्रण कायदा नाही. वारस दाखला ज्या १८२७ च्या बॉम्बे रेग्युलेशनखाली निघतो त्याचं नाव पेपर काढणाऱ्याने ऐकलेलंही नसेल कदाचित. तुम्हाला जे सगळ्यात चांगलं येतं त्याला इथे शून्य गुण आहेत. म्हणून चांगली ज्युनिअर असणं आणि ४१ गुण पडणं ही दोन्ही एकाच बाईच्या बाबतीत खरी असू शकतात. ही परीक्षा चांगल्या वकिलाची पारख करते असं मला वाटत नाही. साक्षीदाराचा उलटतपास कुठे थांबवायचा, पक्षकाराला तडजोड कधी सुचवायची, हातात आलेले पैसे कुणाचे हे विसरायचं नाही, यातलं काहीही चार पर्यायांत बसत नाही.

मग तिच्याकडून सन्मानाची अपेक्षा तरी का ठेवायची? तुम्ही पुन्हा बसण्याला "कबुली" म्हणता. ही कबुली कुणासमोर? ओएमआर शीट तपासणाऱ्या यंत्रासमोर? पदवी तुम्ही शिकलात असं सांगते. सनद दुसऱ्याच्या वतीने कोर्टात उभं राहायची परवानगी देते, आणि परवानगीच्या अटी देणारा ठरवतो. आवडल्या नाहीत तरी. असल्या बाबतीत मानापमान घरी ठेवावा असं माझं स्पष्ट मत आहे.

तुम्ही एकट्या नाही. डी.फार्म. झालेल्या मुलामुलींना आता औषधनिर्माता म्हणून नोंदणी करायच्या आधी एक्झिट परीक्षा आहे. फार्मसी कौन्सिलने तिचे नियम २०२२ मध्ये केले. त्यांचीही पत्रं अशाच सुरात येतात. एमबीबीएसच्या मुलांचं तर वेगळंच. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात नेक्स्ट नावाची समाईक अंतिम परीक्षा घातली, २०२३ मध्ये तिचे नियम आले, सरावाच्या परीक्षेची तारीख लागली आणि त्याच जुलैमध्ये ती पुढे ढकलली गेली. त्या बॅचच्या मुलांचे महिने परीक्षेच्या अभ्यासापेक्षा ती होणार की नाही या चर्चेत गेले. या सगळ्यांना मी एकच विचारते: नियम बदलेल असं धरून चाललात आणि तो बदलला नाही, तर तुमचं किती नुकसान? आणि बदलणार नाही असं धरून अभ्यास केलात आणि तो बदलला, तर किती? दोन्ही आकडे कागदावर लिहून बघा.

आता सर.

ही गोष्ट मी परीक्षेपेक्षा गंभीर धरते. तुमच्या सनदेला नियमाने दोन वर्षांची मुदत आहे. त्या आत पास झाला नाहीत तर पास होईपर्यंत वकील म्हणून उभं राहता येत नाही. सर तुम्हाला तारखेला पाठवतात, मुदतीचा अर्ज देऊन या म्हणतात, वकीलपत्रावर त्यांच्या नावाखाली तुमचं नाव असतं. मुदत संपली आणि त्यांना माहीतच नसेल, तर एखाद्या सकाळी समोरचा वकील उठून हरकत घेईल. तुमच्या बार रूममध्ये असा एक तरी असणारच, प्रत्येक बार रूममध्ये असतो. त्या वेळी तुमचे ४१ गुण कुणी विचारणार नाही. निकाल राखून ठेवलाय असं सांगितलं होतं, हेच लक्षात राहील. या धंद्यात ज्युनिअरची सगळी पुंजी म्हणजे सरांचा तिच्यावरचा विश्वास. चार गुणांसाठी ती पुंजी लावू नका.

सांगायचं कसं, तर संध्याकाळी पक्षकार गेल्यावर, उद्याचा बोर्ड, म्हणजे खटल्यांची यादी, बघून झाला की. लांबण लावू नका. "सर, एआयबीईत चार गुणांनी राहिले. तुम्हाला निकाल राखलाय असं सांगितलं, ते खरं नव्हतं. सनदेची मुदत अमुक तारखेला संपतेय, त्या आत पुन्हा बसतेय. तोवर माझं नाव कुठल्या वकीलपत्रांवर ठेवायचं ते तुम्ही ठरवा." बस्स. कारणं विचारली तर सांगा, नाही विचारली तर नका सांगू. ते रागावतील. रागावू द्या. माझा अंदाज आहे की राग दोन दिवस टिकेल आणि तिसऱ्या दिवशी ते स्वतःच एखादी फाइल पुढे सरकवून विचारतील, यातलं कलम सांग बघू.

ते विचारणार नसतील तर तुम्हीच सुरुवात करा, कारण तुमचा अभ्यास तिथेच आहे. कोर्टात तात्पुरत्या मनाईच्या अर्जाला रोज "निशाणी पाचचा अर्ज" म्हणता ना? पेपरात निशाणी पाच विचारत नाहीत, दिवाणी प्रक्रिया संहितेची ऑर्डर ३९, रूल १ आणि २ विचारतात. चेक बाऊन्सची केस तुम्हाला पाठ आहे, पण नोटिसीला किती दिवस आणि त्यानंतर तक्रारीला किती, हे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ आणि १४२ मध्ये कुठे लिहिलंय ते बोट ठेवून दाखवता येतं का? पोटगीचा अर्ज अजून "१२५ चा" म्हणूनच ओळखला जातो. १ जुलै २०२४ पासून तो जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ खाली येतो. सगळ्यात फसवं म्हणजे ४८२. जुन्या संहितेत ते हायकोर्टाच्या अंगभूत अधिकारांचं कलम होतं, नव्यात त्याच आकड्यावर अटकपूर्व जामीन आहे आणि अंगभूत अधिकार ५२८ ला गेलेत. जुन्या नव्याची गल्लत करायला लावणारे प्रश्न येणारच. म्हणून रोज संध्याकाळी त्या दिवशीच्या फाइलींची एक वही करा: काय अर्ज दिला, कुठल्या कलमाखाली दिला, जुना आकडा कोणता, नवा कोणता. अर्ध्या तासाचं काम आहे. दोन महिन्यांत ती वही बाजारातल्या कुठल्याही गाइडपेक्षा तुमच्या जास्त उपयोगाची होईल.

गुणांचा हिशेबही करून ठेवा. राज्यघटना १०, दिवाणी प्रक्रिया १०, फौजदारी प्रक्रिया १०, न्याय संहिता ८, पुरावा ८. हे ४६ झाले. त्यात कौटुंबिक कायद्याचे ८ आणि करार, मालमत्ता, चेक वगैरेंचे मिळून ८ घाला, ६२ होतात. यातले बहुतेक विषय रोज तुमच्या टेबलावर असतात. व्यावसायिक नीतिमत्तेचे ४ एका रविवारचं काम. कंपनी कायदा, सायबर, बौद्धिक संपदा, भूसंपादन, पर्यावरण यांना प्रत्येकी दोनच गुण आहेत. त्यांच्यासाठी जाडजूड पुस्तकं विकत घेऊ नका. जुन्या पेपरांत त्यांच्यावर काय विचारलंय तेवढं बघा आणि पुढे जा. तुम्ही मागच्या वेळी पेटंट कायद्यावर आठवडा घालवलात असं लिहिलंय, ते वाचून मी कपाळाला हात लावला.

पुस्तकांचं: टिपा नसलेलं, नुसता मूळ कायदा छापलेलं बेअर अ‍ॅक्ट आत नेता येतं, म्हणून कोऱ्या प्रती स्वतःच्या घ्या. सरांच्या कपाटातल्या नकोत. पेन्सिलीची रेघही नको, जुन्या-नव्या कलमांचा तक्ता मागे चिकटवलेली प्रतही नको. त्या प्रती आतापासून रोज हाताळा, पुढची अनुक्रमणिका बोटांना सवयीची झाली पाहिजे. तीन तासांत शंभर प्रश्न, म्हणजे प्रश्नाला दोन मिनिटंही नाहीत. पुस्तक आत आहे म्हणून प्रत्येक उत्तर त्यात शोधायला गेलात तर पुन्हा अकरा कोरे राहतील. पहिल्या फेरीत येतात तेवढे सोडवा, पुस्तक उघडूच नका. दुसऱ्या फेरीत ज्यांचं कलम कुठे असेल हे माहीत आहे तेवढेच शोधा. शेवटची दहा मिनिटं उरलेल्या गोळ्यांसाठी. एकही रिकामा ठेवायचा नाही.

आणि एक विचारते. पदवीचे पेपर तुम्ही मराठीत लिहिलेत, अर्ज मराठीत लिहिता, जबाब मराठीत घेता. मग ही परीक्षा इंग्रजीत का दिलीत? ती मराठीतही देता येते. "इंग्रजीत दिली तर बरं दिसतं" हे कारण तुम्ही दिलंय. कुणाला बरं दिसतं? लगेच मराठीकडे वळा असंही मी म्हणत नाही, कारण कायद्याच्या सरकारी मराठीत इंजंक्शनला "व्यादेश" असतो आणि आपल्या कोर्टात तो शब्द कुणी उच्चारत नाही. जुना एखादा पेपर घड्याळ लावून दोन्ही भाषांत सोडवा. जिथे वेळ उरेल ती भाषा तुमची.

परीक्षा झाल्यावर प्राथमिक उत्तरतालिका येते आणि तिच्यावर हरकत घेता येते. हरकतींनंतर प्रश्न रद्द झाल्याची उदाहरणं आहेत. दिवसभर दुसऱ्यांसाठी हरकतीचे अर्ज लिहिणाऱ्या तुम्ही स्वतःच्या पेपरची तालिका उघडूनही बघितली नाहीत, हे मला पत्रातलं सगळ्यात नवलाचं वाटलं. पुढच्या वेळी तुमचा संच कोणता, ए का बी, हे हॉलमधून बाहेर पडल्या पडल्या लिहून ठेवा.

यजमानांचं म्हणणंही उडवून लावू नका. घरातून पैसे जातायत, सुट्टीचा दिवस जातोय, मुलाला सांभाळायला कुणीतरी लागतंय. पण "एखादी नोकरी बघ" हे वाटतं तितकं सोपं नाही. बँकांच्या विधी अधिकाऱ्याच्या जाहिरातीत बहुतेकदा बार कौन्सिलची नोंदणी मागतात. कायदा शिकवायचा म्हटलं तर एलएल.एम. आणि मग सेट-नेट, म्हणजे परीक्षेपासून पळून परीक्षेतच. कंपन्यांत करारनामे तपासण्याचं, अनुपालनाचं काम नुसत्या पदवीवर मिळतं आणि त्यात कमीपणा काही नाही. मात्र ते तुमच्या तालुक्यात मिळणार नाही, पुण्या-मुंबईला जावं लागेल. दोघांनी बसून हे सगळं एकदा मोकळेपणाने बोला. शहरात जायची तयारी असेल आणि कोर्टाचा खरंच कंटाळा आला असेल, तर वकिली सोडणंही योग्य ठरू शकतं. पण चार गुणांच्या रागात सोडू नका. कोर्टात जायचं नाही असं तुमच्या पत्रात मला कुठेच दिसलं नाही.

उलट न्यायाधीश व्हायचंय असं दिसलं. मे २०२५ मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. ती तीन वर्षं तात्पुरत्या सनदेच्या तारखेपासून मोजायची, एआयबीई पास झाल्याच्या तारखेपासून नाही, असंही त्याच निकालात म्हटलंय. नापास झाल्यामुळे वर्ष वाया गेलं असं तुम्ही लिहिलंय, ते या हिशेबात तरी वाया गेलेलं नाही. पण सनदेची मुदत संपून उभंच राहता आलं नाही, तर पुढची वर्षं कशी मोजणार? या अनुभवाचा दाखला दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाकडून घेता येतो, त्यावर न्यायालयाच्या प्रमुख न्यायाधीशांचा शेरा लागतो. म्हणजे पुन्हा सरच. त्यांच्याशी खरं बोलण्याचं हे आणखी एक कारण.

जे वाचक अजून कॉलेजच्या शेवटच्या सेमिस्टरला आहेत, त्यांनी निकालाची वाट बघत बसू नये. शेवटच्या सेमिस्टरच्या विद्यार्थ्यांना ही परीक्षा देता यावी असं २०२३ च्या त्या निकालातच सुचवलेलं होतं. अर्ज निघेल तेव्हा पात्रतेचा रकाना नीट वाचा. अभ्यास ताजा असतो तेव्हाच ही बला टळलेली बरी.

ताई, तुमच्यासाठी एक शेवटचं. तुमची गुणपत्रिका माहेरच्या नावाची आहे आणि सनद सासरच्या, असं पत्राच्या ताजा कलमात लिहिलंय आणि मागच्या वेळी अर्ज भरताना दोन दिवस त्यातच गेल्याचंही. परीक्षेची जाहिरात दर वर्षी त्याच महिन्यात येते असं नाही, आणि आली की अर्जाला फार दिवस नसतात. विवाह नोंदणीचा दाखला, नाव बदलाचं राजपत्र केलं असेल तर त्याची प्रत, आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, हे सगळं आत्ताच एका फाइलीत लावून ठेवा. प्रतिज्ञापत्र तुम्हीच लिहाल. त्याची फी तरी वाचेल.